‘मैं नै देखा’ कोण लिहिणार?

मराठवाड्यातल्या कोणत्याही मोहल्ल्यात एखादी बाई ‘मैं नै देखा’ म्हणाली, तर तिने काही पाहिलेले नाही हे लहान पोरालाही कळते. दखनीत ‘नै’ म्हणजे नाही. पाहिले असते तर ती ‘मैं देखा’ म्हणाली असती, कारण हिंदीतला ‘ने’ दखनी माणूस सहसा लावत नाही. पण ज्याच्या कानाला फक्त पुस्तकी हिंदीची सवय आहे, त्याला हेच वाक्य ‘मैंने देखा’ असे ऐकू येते. नकाराचा होकार होतो. टपरीवर चहा पिताना असे झाले तर हसून सोडून देता येते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात झाले, तर कुणाच्या तरी आयुष्याची वर्षे त्यात जातात.

या वेळचे संपादकीय एका कामधंद्याबद्दल आहे आणि त्या कामाचे मर्म वरच्या एका वाक्यात आहे. कोर्टात, वकिलाच्या कार्यालयात किंवा चौकशीत बोललेले शब्द ऐकून ते जसेच्या तसे कागदावर उतरवण्याच्या कामाला ‘लीगल ट्रान्स्क्रिप्शन’ म्हणतात. तेरखेड्याहून आणि वाशी, भूम, कळंब तालुक्यांतल्या गावांतून मुले-मुली या कामाबद्दल विचारतात. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे म्हटल्यावर प्रश्न आणखी नेमका होतो : ‘भाई, घरी बसून लीगल टायपिंगचे काम खरेच मिळते का? की एआयने तेही संपवले?’

प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे काय आहे, हे आपल्याला माहीत आहे. तेरखेड्याचे नाव महाराष्ट्राला फटाक्यांमुळे ठाऊक आहे. सोलापूर–धुळे महामार्गावरून जाताना दिवाळीच्या आधी दुकानांची रांग दिसते. त्या रांगेमागे दारूकाम करणारे हात आहेत आणि त्यांत बायकांचे हातही आहेत. स्फोटांच्या बातम्या अधूनमधून येतात, दोन दिवस हळहळ होते आणि पुन्हा काम सुरू होते, कारण घर चालायचे असते. अशा गावात बारावी किंवा बीए झालेल्या मुलीने ‘दुसरे काय करता येईल?’ असे विचारले, तर तिला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. नुसते ‘संधी खूप आहेत’ असे म्हणणे आणि ‘आता काही उरले नाही’ असे म्हणणे, ही दोन्ही उत्तरे जबाबदारी टाळणारी आहेत.

काम नेमके कुठे आहे?

पहिले ठिकाण म्हणजे न्यायालय. तिथे हे काम लघुलेखक करतो. पदाची भरती रीतसर जाहिरात आणि परीक्षा घेऊन होते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी मोठी भरती जाहीर केली. निवड यादीतली एकूण पदे ४,६२९ होती. त्यांत लघुलेखक (श्रेणी-३) ५६८, कनिष्ठ लिपिक २,७९५ आणि शिपाई-हमाल १,२६६. लघुलेखकाची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती, तर कनिष्ठ लिपिकाची १९,९०० ते ६३,२०० रुपये. हे आकडे दोनदा वाचा. दोन्ही पदांना पदवी लागत होती आणि टंकलेखनही लागत होते. पगाराच्या सुरुवातीलाच जवळपास दुपटीचा फरक पडला, त्याचे मोठे कारण लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड.

आपल्या भागात टायपिंगच्या क्लासला जाणारी मुले पुष्कळ आहेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, ते मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाने पास होतात आणि थांबतात. पुढच्या लघुलेखनाच्या परीक्षा ६०, ८०, १००, १२० शब्द अशा पायऱ्यांनी चढत जातात. त्या पायऱ्यांवर गर्दी विरळ होत जाते. कारण साधे आहे. टायपिंग सहा महिन्यांत हाताला बसते. लघुलेखनाला रोजचा सराव आणि दीड-दोन वर्षांचा धीर लागतो. शिवाय शिकवणारे कमी, आणि तालुक्याच्या गावी तर शोधावेच लागतात. पण जिथे गर्दी विरळ आहे तिथेच जागा आहे, हेही तितकेच खरे.

दुसरे ठिकाण म्हणजे वकिलांची कार्यालये. फोनवरचे संभाषण, सभेतले भाषण, दुकानातल्या कॅमेऱ्यातला आवाज, व्हॉट्सॲपचे ध्वनिसंदेश हे सगळे आता पुराव्यात येते आणि त्याचा लेखी उतारा द्यावा लागतो. यातला कायदा घडला तो आपल्याच मराठवाड्यातल्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावर वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्यातले प्रमाणपत्र जोडावेच लागते, असे त्यात स्पष्ट झाले. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी ठसा बदलतो. ज्या मुलीला नीट ऐकता येते, शुद्ध लिहिता येते आणि मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करायचे असते हे कळते, तिची जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाला खरोखर गरज आहे. हे काम पानाच्या हिशोबाने मिळते. सुरुवातीला त्यावर घर चालत नाही, पण हात तयार होतो आणि ओळख होते.

तिसरे ठिकाण म्हणजे विधिमंडळ आणि लवादाची कामे. विधानसभेत आणि विधान परिषदेत बोललेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपतात आणि तिथे मराठी प्रतिवेदकाला मान आहे. मुंबईत मोठ्या व्यापारी लवादांचे कामकाजही शब्दशः उतरवून घेतले जाते, पण तिथली भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते.

चौथे ठिकाण म्हणजे परदेशी काम. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या वकिलांची श्रुतलेखने भारतात टाइप होतात. मोबदला ध्वनिफितीच्या मिनिटावर ठरतो. एक तासाची फीत उतरवायला सरावलेल्या माणसालाही चारेक तास लागतात, म्हणून ‘मिनिटाला अमुक’ हा दर ऐकून हरखून जाण्याआधी त्याला चाराने भागावे. इंग्रजीवर, तेही तिथल्या वेगवेगळ्या उच्चारांवर, पक्की पकड नसेल तर हा रस्ता तेरखेड्यातून थेट निघत नाही. आणि यंत्रांनी पहिला घाव घातला आहे तो याच कामावर.

जे काम नाही, ते ओळखा

‘घरबसल्या लीगल टायपिंग, महिना पंचवीस हजार’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी नोंदणी शुल्क मागतात. मग मुद्रांकासारखा दिसणारा करारनामा पाठवून आधार कार्ड आणि सही घेतात. अंधूक पानांच्या फायली देतात आणि दहा दिवसांत शेकडो पाने ९० टक्क्यांहून जास्त अचूक हवीत अशी अट घालतात. काम दिले की ‘अचूकता कमी भरली’ म्हणतात. त्यानंतर वकिलाच्या नावाने नोटीस येते : करार मोडला, इतके हजार भरा, नाहीतर अटक होईल.

यात फसलेली मुलगी घरात सांगत नाही. ‘तुला कुणी सांगितले होते मोबाइलवर कामं शोधायला?’ हे ऐकावे लागेल म्हणून ती गप्प राहते, मैत्रिणीकडून उसने घेते आणि पैसे भरते. म्हणून हे इथे स्वच्छ लिहायला हवे. कोणतेही न्यायालय साक्षी टाइप करून घ्यायला व्हॉट्सॲपवर माणसे शोधत नाही. काम देणारा कामाच्या आधी पैसे मागत नाही. करार मोडल्याचा वाद हा दिवाणी वाद असतो, तेवढ्यासाठी पोलीस घरी येऊन कुणाला उचलून नेत नाहीत. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका. संदेश जपून ठेवा, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा. आणि आई-वडिलांनी एवढेच करावे : मुलीला दोष देण्याआधी तिच्या बाजूला बसावे. फसवणूक करणाऱ्याचा सगळा धंदा आपल्या घरातल्या गप्पपणावर चालतो.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

आता एआयचा प्रश्न. तो टाळून या कामाबद्दल बोलणे म्हणजे मुलांना फसवणे होईल.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढच्या सुनावणीचे संगणकाने जागच्या जागी लेखन करण्याचा प्रयोग सुरू झाला. तेव्हा पुढे होता तो महाराष्ट्राचाच सत्तासंघर्षाचा खटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या जिल्हा न्यायालयांत साक्षी नोंदवायला आवाजावरून लेखन करणारी प्रणाली वापरण्याचे आदेश दिले. हे वारे महाराष्ट्रातही येणार. वैद्यकीय ट्रान्स्क्रिप्शनचे काय झाले, हे आपण पाहिलेच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शहरोशहरी त्याचे क्लास निघाले होते. मग आवाज ओळखणारी यंत्रे आणि डॉक्टरांचे संगणकीय अर्ज आले आणि ते क्लास ओस पडले. नुसत्या बोटांच्या वेगावर उभा राहिलेला धंदा टिकत नाही, हा त्यातला धडा.

पण यंत्र ऐकते कसे, तेही समजून घेऊ. ते माणसासारखे ऐकत नाही. आवाजाचा तुकडा घेऊन, या आवाजाला आणि मागच्या-पुढच्या शब्दांना सर्वांत जास्त शक्य असलेला शब्द कोणता, याचा ते हिशोब करते. हा हिशोब ज्या भाषेच्या नोंदींवर शिकवलेला असतो, त्या भाषेकडे ते कलते. प्रमाण हिंदी आणि प्रमाण मराठी त्याला पुष्कळ मिळाली आहे. दखनी, वाशी-भूम भागातली गावरान मराठी, लमाणी, पारधी बोली त्याला फारच थोडी मिळाली आहे. म्हणून ‘मैं नै देखा’ समोर आले, की यंत्राला ओळखीचे ‘मैंने देखा’ जवळचे वाटण्याचा धोका मोठा. आणि सगळ्यांत घातक गोष्ट ही की चुकताना ते अडखळत नाही. खाडाखोड नाही, प्रश्नचिन्ह नाही. वाक्य व्याकरणशुद्ध, सुबक आणि पूर्ण उलटे. थकलेल्या कारकुनाची चूक कागदावर दिसते. यंत्राची चूक दिसत नाही.

कायद्याच्या भाषेची आणखी एक अडचण आहे. कोर्टात ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करायला परवानगी मिळाली. शब्द पाहून भाषांतर केले तर ‘रजा मंजूर’ होईल. आपल्याकडच्या कौटुंबिक खटल्यांत मेहर, इद्दत, खुला, हिबा हे शब्द सारखे येतात. ‘खुला’ म्हणजे पत्नीने मागितलेला विवाहविच्छेद, हे माहीत नसलेल्याला तो ‘उघडा’ वाटेल. मराठीतल्या ‘मारले’ चेही तसेच. ‘त्याने भावाला मारले’ यात चापट आहे की खून, ते मागच्या-पुढच्या बोलण्यावरून आणि आवाजावरून ठरते. इंग्रजीत उतरवताना कुणाला तरी एकच शब्द निवडावा लागतो. ती निवड करणाऱ्याला बोली माहीत असायला हवी आणि कायदाही.

म्हणून मुलांना माझे उत्तर असे आहे. टाइप करण्याचे काम घटणार. ऐकून तपासण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि ‘हे मी ऐकले आहे’ म्हणून त्याखाली सही करण्याचे काम राहणार. त्यासाठी बोटांपेक्षा कान, भाषा आणि कायद्याची ओळख जास्त लागेल. आणि कानाच्या बाबतीत तेरखेड्याची मुलगी पुण्या-मुंबईच्या मुलीच्या पुढे आहे. घरात दखनी, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, उर्दू शाळेत गेली असेल तर उर्दू लिपी आणि पदवीला थोडी इंग्रजी. ज्या सरमिसळ भाषेची तिला लाज वाटायला लावली जाते, ती या कामात भांडवल आहे.

कोर्टाची भाषा आणि आपली भाषा

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. राज्य सरकारने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद ठेवून, ती ठरवली. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी चालते. म्हणजे तेरखेड्यातला साक्षीदार दखनीत बोलतो, न्यायाधीश ते ऐकून मराठीत कथनरूपाने सांगतात, लघुलेखक ते उतरवतो आणि अपील झाले तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे त्याचे इंग्रजी जाते. एक वाक्य चार हातांतून फिरते. प्रत्येक वळणावर ते थोडे बदलू शकते.

कायद्याला हे ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ नुसार साक्षीदार कोर्टाच्या भाषेशिवाय दुसऱ्या भाषेत बोलला, तर शक्य असेल तिथे त्याच भाषेत ते उतरवता येते आणि तसे शक्य नसेल तर खरे भाषांतर तयार करावे लागते. कलम ३१३ नुसार साक्ष पूर्ण झाल्यावर ती आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समोर साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. साक्षीदाराने हरकत घेतली तर दुरुस्ती करता येते, किंवा त्याची हरकत नोंदवून ठेवायची असते. लिहिलेली भाषा त्याला समजत नसेल, तर ती समजावून सांगायची असते. हा हक्क आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? कोर्टात उभा राहिलेला माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो, ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणून मोकळा होतो. ‘साहेब, वाचून दाखवा’ हे तीन शब्द प्रत्येक मोहल्ल्यात पाठ असायला हवेत.

शब्दांच्या भाषांतरावर केवढे काय अवलंबून असते, याचे सगळ्यांत मोठे मराठी उदाहरण ११७ वर्षांहून जुने आहे. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठी, ज्युरीतले बहुसंख्य युरोपीय. त्यांच्यापुढे आले ते सरकारी भाषांतर. टिळकांनी स्वतः सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ कसे वाकवले गेले आहेत, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. त्याच खटल्यात त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले होते. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा गेला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी खटल्याचे संपूर्ण कामकाज ग्रंथरूपात छापले, म्हणून आज आपण ती उलटतपासणी वाचू शकतो. टिळकांना दोन्ही भाषा येत होत्या, कायदाही येत होता, तरी भाषांतर त्यांना भोवले. ज्याला यातले काहीच येत नाही, त्याचे काय होत असेल?

आपल्या जिल्ह्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९४८ पर्यंत धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कारभार आणि न्यायालये उर्दूत चालत. हैदराबादेत १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दारुल-तर्जुमाने आधुनिक ज्ञानशाखांचे ग्रंथ उर्दूत आणले आणि उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. उर्दूसाठी ही मोठी गोष्ट होती. पण त्याच वेळी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता, हेही आपण विसरता कामा नये. भाषा कोणतीही असो, कोर्टाची भाषा न येणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या जिभेवर जगतो. काल तो मराठी शेतकरी होता. आज तो दखनी बोलणारा मजूर आहे, पारधी वस्तीवरची बाई आहे, तांड्यावरचा लमाण आहे. म्हणून हा प्रश्न एका समाजाचा नाही.

त्या काळाने मागे ठेवलेली कागदपत्रेही आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जमिनीचे जुने वाद, इनामाचे कागद, वक्फच्या सनदा यांतही तीच लिपी आहे. वक्फ मालमत्तांची माहिती ‘उम्मीद’ पोर्टलवर भरण्याची वेळ २०२५ मध्ये आली, तेव्हा किती ठिकाणी कागद होता पण वाचणारा नव्हता! आणि मराठी कोर्टाची भाषा तरी आपल्याला कुठे परकी आहे? वकील, अर्ज, फिर्याद, जामीन, दावा, वारस, जप्ती, तहकूब, मुद्देमाल, हजर, गैरहजर हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन मराठी झाले आहेत. उर्दू शाळेतल्या मुलाला कायद्याची मराठी शिकायला अर्धी वाट चालावी लागते. उरलेली अर्धी त्याने चालली पाहिजे. मराठी शुद्धलेखन कच्चे ठेवून या कामात कुणीही टिकणार नाही, हे उर्दू माध्यमाच्या शिक्षकांनी मुलांना सहावी-सातवीतच सांगायला हवे.

काय करता येईल

सल्ले देणे सोपे असते, म्हणून उद्यापासून करता येईल तेवढेच लिहितो.

एक खोली हवी. गावातल्या वाचनालयाची, शाळेची किंवा जमातखान्याची चालेल. चार-पाच जुने संगणक, चांगले हेडफोन आणि शांतता एवढे पुरते. संध्याकाळी दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत आणि ये-जा सोयीची असावी. मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये शिकवावे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा कचरा दिसतो.

सरावाला पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या सुनावण्यांची चित्रमुद्रणे खुली आहेत आणि अनेक सुनावण्यांचे लेखी उतारे न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत. दहा मिनिटे ऐका, टाइप करा, उताऱ्याशी ताडून पाहा. मराठीसाठी विधानसभेचे कामकाज ऐकता येते. आवाज उतरवणारे मोफत सॉफ्टवेअरही वापरा, पण उलट्या दिशेने : त्याने लिहिलेल्यातल्या चुका शोधा. उद्याची नोकरी तीच आहे. वहीच्या मागच्या पानावर आपल्या बोलीतले शब्द, त्यांचा प्रमाण मराठी अर्थ आणि यंत्राने काय ऐकले, असे तीन रकाने करा. वर्षभरात अशा वह्या जमल्या, तर दखनीसाठी यंत्राला शिकवण्याजोगे साहित्य आपल्याच हाताने तयार होईल. मग ते ठरलेल्या अटींवर, आपल्या नावाने देता येईल.

दोन नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचे. पहिला, खटल्याशी संबंधित कोणतीही खरी ध्वनिफीत मोफत संकेतस्थळावर चढवायची नाही. ती कुठल्या सर्व्हरवर जाते आणि किती दिवस राहते, हे आपल्या हातात नसते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तो नकळत घडायला एक क्लिक पुरतो. दुसरा, जे ऐकू आले नाही ते ‘अस्पष्ट’ असे लिहायचे. अंदाजाने भरायचे नाही. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याचे बोलणे आपल्याकडे आले, की ते अमानत असते. त्यात आपली भर घालायची नाही आणि त्यातले काही गाळायचेही नाही.

जे पदवीधर आहेत त्यांनी मराठी लघुलेखन आजच सुरू करावे. जाहिरात निघाल्यावर वेग येत नाही. ज्यांना जमेल त्यांनी नोकरीबरोबर विधी पदवी घ्यावी. शिकलेल्या, कमावत्या मंडळींनी लघुलेखनाच्या एका शिक्षकाच्या येण्या-जाण्याचा आणि मानधनाचा खर्च वाटून घ्यावा. एका लग्नाच्या मांडवाला लागतो त्यापेक्षा तो कमीच येईल. वकील मंडळींनी वर्षातून दोनदा या मुलांना कोर्टात नेऊन कामकाज दाखवावे. खुल्या न्यायालयात बसायला कुणाची शिफारस लागत नाही.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत आवाजावरून लेखन करणारी यंत्रणा येईल, तेव्हा साक्षीदार ज्या बोलीत बोलला त्या बोलीचे मूळ ध्वनिमुद्रण जपले जावे आणि ती बोली जाणणाऱ्या माणसाने उतारा तपासून खाली सही केल्याशिवाय तो पुरावा म्हणून पक्का होऊ नये. दखनी, लमाणी, पारधी जाणणाऱ्या तपासनिसांची यादी प्रत्येक जिल्हा न्यायालयात असावी. ही मागणी बार असोसिएशनमार्फत जिल्हा न्यायाधीशांकडे आणि उच्च न्यायालयाकडे लेखी जाऊ शकते. यंत्र बसवून झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा बसवण्याआधी अर्ज करणे शहाणपणाचे.

हे काम शिकून तेरखेड्यातली सगळी मुले दारूकामातून बाहेर पडतील, असे म्हणणे खोटे ठरेल. पाच-दहा जण नेटाने शिकले आणि त्यांतले दोन-तीन जिल्हा न्यायालयांत लघुलेखक झाले, तरी त्या घरांचे दिवस बदलतील. शिवाय आपल्या गावची एखादी बाई साक्ष देताना ‘मैं नै देखा’ म्हणेल, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी एकाला तरी तिचा नकार नकार म्हणूनच ऐकू येईल. तालुक्याच्या क्लासमध्ये मराठी लघुलेखनाची नवी तुकडी कधी सुरू होते, याची चौकशी या आठवड्यात करून ठेवा.